लेक दिवसातले किती तास बसून असते, ते वहीत लिहून काढलं

गोडोलीकर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

आमची लेक सहावीत आहे. गेल्या महिन्यात शाळेतल्या तपासणीत तिला चष्म्याचा नंबर निघाला. घरी आल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडलं ते हे, "बघ, अजून बघ मोबाईल." ती तेव्हा गप्प बसली. रात्री पांघरूण ओढता ओढता म्हणाली, "आई, मी मोबाईल कधी बघते ते सांग ना." मला सांगता येईना.

म्हणून एका मंगळवारी तिचा अख्खा दिवस लिहून काढला. घरातलं मी लिहिलं. शाळेतलं तिनेच वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून आणलं. ते पान समोर ठेवूनच टाइप करतेय: "मधली सुट्टी. डबा २० मि. पकडापकडी १५ मि. नळाला रांग ५ मि. बेल."

उठली ६:३० ला. साडेसात ते साडेनऊ इंग्रजी आणि गणिताचा क्लास. दहा वीसला रिक्षा. ११ ते ५ शाळा. परत रिक्षा. ६ ते ७:३० विज्ञानाचा क्लास. मग तासभर गृहपाठ, जेवण, त्यानंतर टीव्ही आणि माझा फोन मिळून ५० मिनिटं. सव्वादहाला झोपली. क्लास मागच्याच गल्लीत आहे, तिथे दोन वेळा जाऊन-येऊन २० मिनिटं चालणं झालं. वेळापत्रकात पीटीचे दोन तास आहेत. त्या आठवड्यात एक तास गणिताला गेला, आणि दुसऱ्या तासाला पाऊस म्हणून मुलं वर्गातच बसली.

रात्री बेरीज केली. बसून १२ तास ३० मिनिटं. चालणं आणि पळणं धरून ३५ मिनिटं. झोप सव्वाआठ तास.

मी ती बेरीज तीनदा करून पाहिली. साडेबारा तासांतून स्क्रीनची ५० मिनिटं वजा केली तरी ११ तास ४० मिनिटं उरतात. एवढा वेळ ती आम्ही बसवलं म्हणून बसली होती. क्लासची फी आम्ही भरतो, रिक्षा आम्ही लावली, वेळापत्रक फ्रिजवर आम्ही चिकटवलं. आणि बोलणी तिने खाल्ली.

यावर जगभरात अभ्यास झालेत एवढं ऐकून आहे. जाणकारांनी सांगावं. आणि जमलं तर एक दिवस तुम्हीही लिहून काढा. अंदाज करू नका, घड्याळ बघून लिहा.

---

कृष्णाकाठ_बालरोग
गोडोलीकर ताई, वहीचं हे पान जपून ठेवा. मी कराडला मुलांची ओपीडी बघतो. "जाड होत चाललाय", "दमतो", "पाठ दुखते" अशा तक्रारी रोज येतात, पण असा हिशोब घेऊन आलेले पालक मला आजवर भेटले नाहीत.

आपल्या बोलण्यात दोन गोष्टींची गल्लत होते, ती आधी सोडवतो. 'व्यायाम कमी' ही एक गोष्ट आणि 'बसणं जास्त' ही दुसरी. संशोधक दोन्ही वेगवेगळ्या मोजतात. जागेपणी बसून, रेलून किंवा पडून असताना शरीराचा ऊर्जेचा खर्च १.५ मेट किंवा त्याहून कमी असेल, तर त्याला बैठं वर्तन म्हणतात. शांत बसल्यावर जेवढी ऊर्जा लागते तेवढी म्हणजे १ मेट. उभ्याने ओट्यापाशी पोळ्या लाटायला मदत करणारं मूल या व्याख्येत बैठं ठरत नाही. उलट रोज सकाळी तासभर बॅडमिंटन खेळून उरलेला दिवस खुर्चीत काढणाऱ्या मुलाचा व्यायाम पुरेसा भरतो, पण त्याचं बसणंही जास्तच राहतं. तुमच्या लेकीच्या बाबतीत दोन्हीकडे गडबड आहे.

बसण्यावरचं जुनं गाजलेलं काम लंडनच्या बसमधलं आहे. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवलं की दुमजली बसच्या चालकांना हृदयविकार जास्त होतो आणि त्याच बसच्या कंडक्टरांना कमी. कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत तिकिटं फाडायचा, चालक बसून असायचा. आपल्या एसटीत पुढे आणि मागे असलेली दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. तो अभ्यास मोठ्या माणसांचा होता, पण बसण्याकडे वेगळं बघायला हवं हा धागा तिथून सुरू झाला.

आता मुलांचे आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी ५ ते १७ वयासाठी असं सांगतात: आठवड्याच्या सरासरीने रोज किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल, आणि आठवड्यातून किमान ३ दिवस दम लागेल असं काही, शिवाय हाडं-स्नायू बळकट करणारं काही. उड्या, दोरी, चढणं, लटकणं, कुस्ती हे सगळं त्यात आलं. बसण्यावर मर्यादा ठेवा, विशेषतः करमणुकीच्या स्क्रीनवर, असं त्या म्हणतात. किती तास, ते मात्र त्यांनी लिहिलेलं नाही. कॅनडाने २०१६ साली सबंध २४ तासांचा एकत्र विचार केला. त्यात करमणुकीची स्क्रीन २ तासांच्या आत आणि ५ ते १३ वयाला ९ ते ११ तास झोप आहे. मला ही पद्धत पटते, कारण दिवस २४ तासांचाच आहे. क्लासचा तास वाढला की तो कुठून तरी काढला जातो, बहुतेक खेळातून नाहीतर झोपेतून. तुमच्या पानावर दोन्हीकडून गेलेला दिसतोय.

चष्म्याचंही सांगतो. चीनच्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर, उघड्यावर ठेवलं. ३ वर्षांनी लांबचं न दिसण्याचा नंबर त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना लागला होता, आणि नेहमीसारखीच शाळा चालू ठेवलेल्या मुलांमध्ये ३९.५ टक्क्यांना. लागलेला नंबर याने उतरत नाही, तशी आशा धरू नका. पण धाकटं भावंड असेल तर त्याला उन्हापावसात बाहेर सोडा.

---

गोडोलीकर
डॉक्टर, मनापासून आभार. धाकटा आहे, बालवाडीत. उद्यापासून त्याला अंगणातून आत हाक मारताना दोनदा विचार करीन.

---

जुना_खटावकर
वाचून वाईट वाटलं. आमच्या वेळी असं नव्हतं. मी औंधच्या बाजूचा. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालायचे आणि संस्थानातल्या शाळांमधून त्यांनी ते सक्तीचे केले होते. माझे वडील त्या शाळेत शिकले. सत्तरीतही त्यांची पाठ काठीसारखी सरळ होती. आम्ही स्वतः चार मैल चालत हायस्कूलला जायचो, येताना ओढ्यात पोहायचो, सुट्टीत गुरं राखायचो. फिटनेस हा शब्द आम्हाला माहीत नव्हता, कारण त्याची गरजच नव्हती. मुलांना पुन्हा मातीत सोडा एवढंच म्हणतो.

---

माणगंगा
काका, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण या "आमच्या वेळी" बद्दल मला थोडं बोलायचंय.

मी माण तालुक्यातली. शाळेत असताना सकाळी दोन खेपा आणि संध्याकाळी दोन खेपा पाणी आणायचे, डोक्यावर हंडा आणि कमरेला कळशी. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायला लागला की लांबच्या टँकरपर्यंत जायचं. भाऊ तेव्हा मैदानावर कबड्डी खेळत असायचा. आज कुणी माझ्या त्या वयाला यंत्र बांधून मोजलं तर मी भरपूर हालचाल करणारी मुलगी ठरेन, रोजच्या ६० मिनिटांच्या पुष्कळ पुढे. पण खेळायचं काय असतं ते मला माहीत नव्हतं. चेंडू पहिल्यांदा हातात धरला तो लग्नानंतर, मुलाला शिकवताना. टाकायचा कसा तेच कळेना, खांदा वरच उचलेना.

म्हणून हालचाल नुसती मिनिटांत मोजू नये असं मला वाटतं. ती कोण करतंय, कुणाच्या सांगण्यावरून करतंय आणि त्यात त्या लेकराला आनंद आहे का, हेही बघा. माझ्या मुलीने पाणी वाहू नये म्हणून मी साताऱ्यात आले. तिने बसूनही राहू नये, हे आता या धाग्यावर शिकतेय.

---

जुना_खटावकर
ताई, बरोबर आहे तुमचं. माझ्या बहिणी घरी काय करायच्या ते मी लिहिलंच नाही. इतकी वर्षं मनातही आलं नाही.

---

वारणेची_फिजिओ
माणगंगा ताईंनी यंत्राचा विषय काढला म्हणून लिहिते. मी सांगलीत फिजिओथेरपी शिकले, शिकताना मुलांच्या कमरेला अ‍ॅक्सेलरोमीटर बांधून हालचाल मोजायचं काम काही दिवस केलं. काडेपेटीएवढा डबा पट्ट्यात अडकवून उजव्या कमरेवर बांधायचा. शरीर किती वेगाने हललं ते तो टिपत राहतो. सात दिवस तो मुलाच्या अंगावर राहावा एवढीच खटपट असते.

पण त्याला सायकल नीट कळत नाही, कारण सायकलवर कंबर फारशी हलत नाही. पोहायला जाताना मुलं पट्टा काढून ठेवतात. हंडा घेऊन चाललेली मुलगी आणि रिकाम्या हाताने चाललेली मुलगी त्याला सारखीच दिसते. म्हणजे ताई, तुमचं ओझं यंत्रात उमटलंच नसतं.

आणखी एक गंमत मला फार आवडते. मोठी माणसं चालली तर सलग वीस मिनिटं चालतात. लहान मुलांचं तसं नसतं. १९९५ साली ६ ते १० वयाच्या मुलांच्या हालचालींची बारकाईने नोंद केली, तेव्हा जोरदार हालचालीचे सगळे झटके लहान-मोठे ओळीत लावले तर मधला (मध्यक) फक्त ३ सेकंदांचा निघाला. तेवढं धावायचं, थांबायचं, परत सुटायचं. पकडापकडी किंवा लगोरी चालू असताना पाच मिनिटं बघत उभे राहा, अगदी तसंच दिसेल. यंत्र मिनिटामिनिटाची सरासरी काढत असेल तर हे सगळे झटके त्यात विरून जातात आणि पळणारं पोर संथ चालणारं दिसतं. म्हणून मुलांसाठी नोंदीचा टप्पा काही सेकंदांचाच ठेवावा लागतो. पोरांच्या खेळात मोठ्यांसारखी शिस्त शोधली की खेळच दिसेनासा होतो, मोजतानाही आणि शिकवतानाही.

आकड्यांचं म्हणाल तर सगळ्यात मोठा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या बालआरोग्यविषयक आवृत्तीत आला होता. १४६ देश, ११ ते १७ वयाचे १६ लाख विद्यार्थी, आकडे २०१६ पर्यंतचे. ८१ टक्के मुलं रोजच्या तासभर हालचालीपर्यंत पोचत नव्हती. मुलगे ७८ टक्क्यांच्या आसपास, मुली ८५ टक्के. भारतात हे प्रमाण ७४ टक्क्यांच्या जवळ, म्हणजे जगापेक्षा थोडं बरं. मुलांच्या क्रिकेटवेडाचा आणि मुलींच्या घरकामाचा यात वाटा असावा अशी चर्चाही झाली. पण लक्षात घ्या, ही माहिती मुलांनीच प्रश्नावलीत भरलेली आहे. "गेल्या आठवड्यात किती दिवस तासभर हालचाल केलीस?" एवढं विचारलं की मूल आठवून लिहिणार. आपण मोठेही जास्तच लिहू. गोडोलीकर ताईंनी लेकीला जागच्या जागी नोंद करायला सांगितली, ते म्हणून चांगलं केलं.

---

शाहूपुरी_पालक
चर्चा चांगली आहे, पण मला एक काळजी वाटते ती स्पष्ट मांडतो. आमचा मुलगा नववीत आहे. आमच्याकडे शेती नाही, दुकान नाही. त्याचं जे काही व्हायचं ते मार्कांवरच होणार. क्लास कमी केला आणि तो मागे पडला तर त्याची जबाबदारी कोण घेणार? खेळातून पुढे येणारे किती असतात? साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ साली बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेतेपद मिळवलं तेव्हा आम्हीही पेढे वाटले. पण प्रत्येक पोरगी अदिती होत नाही.

---

माणदेशी_पीटी
शाहूपुरी दादा, तुमची काळजी खरी आहे. आमच्या शाळेत पालकसभेला हाच प्रश्न येतो. मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे, २२ वर्षं झाली. थोडं सविस्तर लिहितो.

खेळाडू घडवणं आणि मूल हलतं ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्या जिल्ह्यात पहिल्या कामाची परंपरा मोठी. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्य घेऊन आले. आमच्या तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओला ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. ती शर्यत आम्ही शाळेत टीव्ही लावून पाहिली, अंगावर काटा आला होता. पण त्याच आठवड्यात वर्गातली निम्मी पोरं शेवटच्या तासापर्यंत बाकावरून उठत नव्हती, हेही मी पाहिलंय. शाळेच्या बोर्डावर विजेत्यांची नावं रंगवली म्हणजे बाकीची तीनशे पोरं पळाली असं होत नाही. दुर्दैवाने शाळेचं मैदान, चेंडू आणि माझा वेळ, हे सगळं त्या निवडक पंधरांच्या वाट्याला जातं. यात माझीही चूक आहे. स्पर्धा जवळ आल्या की संघात नसलेल्या पोरांना मी "कडेला बसा" म्हणत आलोय.

कडेला कोण बसतं ते सांगतो. आठवीपासून पुढच्या मुली. आधी लंगडीत सगळ्यांच्या पुढे असणारी मुलगी जूनमध्ये आठवीत येते आणि मैदानाच्या भिंतीपाशी बाकीच्यांची दप्तरं सांभाळत बसते. विचारलं तर "पोट दुखतंय सर." पहिली काही वर्षं मी रागवायचो. मग एका बाईंनी, म्हणजे आमच्या सहकारी शिक्षिकेने, मला बाजूला घेऊन सांगितलं. स्वच्छतागृहात पाणी नाही. पांढऱ्या सलवारीवर डाग पडायची भीती. आणि कंपाउंडच्या बाहेर गाडीवर बसून बघणारी टारगट पोरं. यातल्या एकाही गोष्टीवर मी शिट्टी वाजवून काही होणार नव्हतं. आम्ही ग्रामपंचायतीच्या मागे लागून टाकी बसवून घेतली, मुलींच्या पीटीला गडद रंगाची ट्रॅकपँट चालेल असं मुख्याध्यापकांकडून लिहून घेतलं आणि त्यांचा तास शाळेच्या मागच्या बाजूला नेला. भिंतीपाशी आता तीन-चार जणी बसतात. आधी वीस बसायच्या.

आता मार्कांचं. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०१० साली शाळेतला खेळ आणि गुण यांच्यावरचे बरेच अभ्यास एकत्र तपासले. शारीरिक शिक्षणाला वेळ दिला म्हणून गुण घसरले असं त्यात आढळलं नाही. काही ठिकाणी लक्ष आणि वर्गातलं वागणं सुधारलेलं दिसलं. "खेळला म्हणजे पहिला येईल" असं मी पालकांना कधी सांगत नाही, तसं सांगणं खोटं होईल. पण "खेळला म्हणून मागे पडेल" ही भीती काढून टाका, असं छातीठोकपणे सांगतो.

आणि एकदम क्लास सोडायची गरज नाही. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेत २०१२ साली मुख्याध्यापिकेने रोज १५ मिनिटं मुलांना शाळेभोवती पळायला सोडायला सुरुवात केली. कपडे बदलायचे नाहीत, शर्यत नाही, नंबर नाही. पळा, दमलात तर चाला, मित्राशी बोला. पुढे ती पद्धत पुष्कळ देशांत पोचली. आम्ही हे देवळाच्या पटांगणात करून पाहतोय, मधल्या सुट्टीनंतर दोन वर्ग एका वेळी. पहिल्या आठवड्यात पोरं दोन फेऱ्यांत बसायची. आता थांबवावं लागतं. गणिताच्या सरांनी आधी विरोध केला होता, परवा म्हणाले की पाचव्या तासाला पेंगणारे कमी झालेत. शिट्टी मी वाजवतो, पण फेऱ्या मोजत नाही. मोजल्या की लगेच त्याची स्पर्धा होते.

---

शाहूपुरी_पालक
सर, एवढं सविस्तर लिहिलंत, आभारी आहे. दप्तरं सांभाळणाऱ्या मुलींचं वाचून माझी पुतणी आठवली.

---

नीट_रिपीटर
मी १९ वर्षांचा, सांगलीत हॉस्टेलवर राहून दुसऱ्यांदा नीटची तयारी करतोय. धागा लहान मुलांचा आहे, पण लिहितो. सकाळी ६ ला अभ्यासिकेत जातो, रात्री ११ ला खोलीवर येतो. मधे मेसला जाणं-येणं. कंबर दुखते. वजन फार वाढलेलं नाही, ५८ किलोच आहे, पण पोट सुटलंय. घरचे म्हणतात बारीक आहेस, तुला काय होतंय. पळायला जायला वेळ काढला तर अपराधी वाटतं.

---

कृष्णाकाठ_बालरोग
बाळा, तू लिहिलंस हे फार चांगलं केलंस. "बारीक आहे म्हणजे ठीक आहे" हा समज आपल्याकडे फार पक्का आहे, आणि तो कसा फसवतो ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगाला दाखवलं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र ब्रिटिश डॉक्टरांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपली शरीरं दिसायला बारीक, पण आतून चरबी धरणारी, आणि ती धरतात पोटाभोवती. मधुमेह आपल्याकडे लवकर येतो त्याचं हे एक कारण आहे. म्हणून पाश्चात्त्य मुलापेक्षा आपल्या मुलाला हालचालीची गरज कमी नाही, असलीच तर जास्त आहे.

तुझ्यापुरतं सांगतो. अमेरिकेत ७ ते ११ वयाच्या मुलांवर एक प्रयोग झाला. एका दिवशी ३ तास सलग बसवलं. दुसऱ्या दिवशी तेवढेच ३ तास, पण दर अर्ध्या तासाला ३ मिनिटं चालायला लावलं. चाललेल्या दिवशी रक्तातली साखर आणि इन्सुलिन कमी राहिलं. तू मोठा आहेस, पण युक्ती तुलाही लागू पडावी. अर्ध्या तासाचा गजर लाव, उठ, जिना उतरून चढून ये. आठवायचे धडे चालता चालता आठव. आणि अपराधी वाटून घेऊ नकोस. कंबरदुखी महिनाभरात थांबली नाही किंवा पायात मुंग्या आल्या, तर तिथल्या डॉक्टरांना दाखव, अंगावर काढू नकोस.

---

वारणेची_फिजिओ
संध्याकाळी आयर्विन पुलापर्यंत चालत जाऊन यायचं, पावसाळ्यात पूर नसेल तेव्हा. मी परीक्षेच्या काळात तेच करायचे. कृष्णेचं पाणी बघून डोळेही निवतात.

---

माणगंगा
मी पण लेकीचा दिवस लिहून काढला. तिचं बसणं १० तास ५० मिनिटं. सगळ्यात वाईट वाटलं ते हे, की शाळेतून येते तेव्हा ऊन उतरलेलं असतं, गल्लीत दोन-तीन पोरं असतात आणि मीच "आधी गृहपाठ" म्हणते. गृहपाठ होईस्तोवर अंधार पडतो. क्रम बदलला. आता आधी दिवेलागणीपर्यंत बाहेर, मग गृहपाठ. पाच दिवस झाले, गृहपाठ तेवढ्याच वेळात होतो. पाचव्या दिवशी शेजारच्या ताईंनी पण त्यांच्या मुलाला सोडलं.

---

गोडोलीकर
तीन आठवड्यांनी परत आलेय. काय केलं आणि काय जमलं नाही, दोन्ही लिहिते.

संध्याकाळचा विज्ञानाचा क्लास बंद केला. तिच्या बाबांशी यावरून दोन दिवस अबोला होता. शेवटी वहीचं पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते पेन्सिलीतलं "नळाला रांग ५ मि." वाचलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. आता विज्ञान रविवारी दुपारी ते स्वतः शिकवतात.

परतीची रिक्षा सोडली. शाळा ते घर सव्वादोन किलोमीटर. आमच्याच बाजूच्या आणखी तिघी आहेत, चौघी मिळून चालत येतात. पहिले आठ दिवस मी मागोमाग होते. पोवई नाक्याचं टेन्शन होतं. ग्रेड सेपरेटर झाल्यापासून बरीचशी वाहनं खालून जातात, पण वर रस्ता ओलांडताना एसटी आणि रिक्षा कुठून येतील याचा नेम नसतो. एका कोपऱ्यावर फुटपाथवरच हातगाड्या आहेत, तिथे पोरींना रस्त्यावर उतरावं लागतं. आम्ही चौघींच्या आयांनी मिळून नगरपालिकेत अर्ज दिलाय. त्याचं अजून काही झालं नाही. तोवर त्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरी दुकानातले काका चौघींना हात धरून पलीकडे नेतात. आम्ही सांगितलं नव्हतं, ते आपणहूनच करायला लागले.

रविवारी सकाळी अजिंक्यताऱ्यावर जातो. धाकटा अर्ध्या चढावर "उचल" म्हणतो, मग बसतो, मग एक सरडा दिसला की आमच्या पुढे पळत सुटतो. वारणेच्या ताईंनी लिहिलेले ते तीन सेकंद मी आता रोज बघते. आधी मी त्याला "नीट चाल रे सरळ" म्हणायचे.

जमलं नाही ते शाळेचं. पीटीचा तास परवा पुन्हा दुसऱ्या विषयाला गेला. वर्गशिक्षिका चांगल्या आहेत, पण अभ्यासक्रम पूर्ण करायचं दडपण त्यांच्यावर आहे हे दिसतं. माणदेशी सर, तुमच्या १५ मिनिटांच्या पळण्याबद्दल त्यांना छापून दिलं तर चालेल का?

मंगळवारी परत दिवस लिहिला. बसणं ९ तास ५५ मिनिटं. चालणं-खेळणं १ तास २५. झोप ९ तास, कारण साडेनऊलाच डोळे मिटायला लागतात. स्क्रीन तेवढीच, ५० मिनिटं. मी त्यावरून आता बोलत नाही.

---

माणदेशी_पीटी
जरूर द्या. माझं नाव नको, पद्धत द्या. आणि वर्गशिक्षिकांना सांगा की सुरुवात सोमवारी करू नका, शनिवारी अर्धी शाळा असते तेव्हा करा. पहिल्या दिवशी गोंधळ होतो, त्याला वेळ लागतो. बाईंनी स्वतः एक फेरी मारली तर पोरं दुप्पट पळतात, हा अनुभव आहे.

---

नीट_रिपीटर
गजर लावतोय. अभ्यासिकेतले अजून दोघं उठायला लागलेत. कंबर बरी आहे.

---

सदरबझार_२०११
गोडोलीकर ताई, धागा पहिल्यापासून वाचला. माझा मुलगा पाचवीत आहे, बहुधा त्याच शाळेत असावा, वर्णनावरून वाटतंय. आम्ही सदरबझारला राहतो. पोवई नाक्यापर्यंत तुमच्या मुलींबरोबर येऊ शकेल का? तिथून पुढे मी घ्यायला थांबेन. तो थोडा बुजरा आहे, एकटा चालणार नाही.

---

गोडोलीकर
पाठवा की. शाळा तीच आहे का ते व्यनित (व्यक्तिगत निरोपात) पक्कं करू, शाळेचं नाव इथे नको. सुटल्यावर पाच दहाला मुली फाटकातल्या लिंबाच्या झाडाखाली जमतात, पाच मिनिटं वाट बघतात. पाण्याची बाटली भरून द्या आणि दप्तरात छत्री असू द्या. पहिले दोन दिवस मी बरोबर येईन.